डीप पर्पलच्या 'मेड इन जपान'वरून चाहते एवढे का भांडतात, आणि त्यात नेमकं काय ऐकावं

प्रश्न असा आला आहे: डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडचा 'मेड इन जपान' काही जणांना रॉकमधला सर्वोत्तम लाइव्ह अल्बम वाटतो, तर काही जण म्हणतात की त्यातले लांबलचक सोलो ऐकवत नाहीत. शिवाय 'लाइव्ह अल्बम सगळे नंतर स्टुडिओत दुरुस्त करतात' असंही ऐकायला मिळतं. लाइव्ह साउंडचं काम करणारा माणूस याकडे कसं बघतो? आणि इतक्या आवृत्त्या निघाल्यात, त्यातली कोणती घ्यावी?

माझं मत आधीच सांगून टाकतो. या अल्बमवर माझं मनापासून प्रेम आहे, पण तो 'सर्वोत्तम वादन' आहे म्हणून नाही. पाच माणसं स्टेजवर एकमेकांचं ऐकतायत, त्या क्षणी निर्णय घेतायत आणि त्या निर्णयाचं पुढे काय होतं हे रेकॉर्डिंगमध्ये लपवलेलं नाही, म्हणून मला तो मोठा वाटतो. चाहत्यांचे वाद नीट ऐकले तर बहुतेक जण एकाच अल्बमबद्दल बोलत नसतात. एकाला आवडत्या गाण्यांचा संग्रह हवा असतो, दुसऱ्याला त्या रात्रीची मैफल हवी असते. गाणी हवी असणाऱ्याला 'स्पेस ट्रकिन'ची वीस मिनिटं जड जाणारच.

आता जे झालं ते थोडक्यात. ऑगस्ट १९७२ मध्ये डीप पर्पल पहिल्यांदा जपानला गेले. त्याच वर्षी मार्चमध्ये त्यांचा 'मशीन हेड' हा अल्बम आला होता, बँड सतत दौऱ्यावर होता आणि गाणी हातात पक्की बसली होती. १५ आणि १६ ऑगस्टला ओसाका, १७ ला टोकियोचं बुडोकान सभागृह. लाइव्ह अल्बमची मागणी जपानमधल्या रेकॉर्ड कंपनीची होती. बँडला त्यात फारसा रस नव्हता, आणि हा अल्बम फक्त जपानपुरताच राहील असं त्यांना वाटत होतं. म्हणून त्यांनी अट घातली: रेकॉर्डिंग आमचा माणूस करेल आणि मिक्स, म्हणजे सगळ्या आवाजांची शेवटची जुळवणी, आमच्या हातात राहील. तो माणूस म्हणजे त्यांचा साउंड इंजिनियर मार्टिन बर्च. मशीन ८ ट्रॅकचं, म्हणजे टेपवर आठच वेगळ्या पट्ट्यांत आवाज घेणारं. ऑर्गन वाजवणाऱ्या जॉन लॉर्डने पुढे सांगितलं होतं त्यानुसार सगळा खर्च ३,००० डॉलरच्या आसपास होता. मिक्सच्या वेळी बँडपैकी रॉजर ग्लोव्हर आणि इयन पेस, म्हणजे बास आणि ड्रम्स वाजवणारे, हजर होते. ही बारीक वाटणारी गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचा संबंध येतो.

ब्रिटनमध्ये अल्बम डिसेंबर १९७२ मध्ये आला, अमेरिकेत १९७३ मध्ये. ब्रिटनमध्ये १६ व्या क्रमांकापर्यंत गेला, अमेरिकेत थेट ६ व्या. 'स्मोक ऑन द वॉटर'चं सिंगल अमेरिकेत ४ थ्या क्रमांकावर पोचलं, त्याच्या एका बाजूला स्टुडिओतलं गाणं होतं आणि दुसऱ्या बाजूला हेच जपानमधलं. जपानच्या बाजारात हा अल्बम 'लाइव्ह इन जपान' या नावाने आणि वेगळ्या मुखपृष्ठासह निघाला. बाकी जगाने जे मुखपृष्ठ पाहिलं त्यावरचा फोटो लंडनच्या कार्यक्रमातला आहे.

दुरुस्तीचा प्रश्न आधी घेतो, कारण माझ्या धंद्याचा तो गाभा आहे.

लाइव्ह अल्बम दुरुस्त केले जातात, यात गुपित काही नाही. किसचा 'अलाइव्ह!' (१९७५) मोठ्या प्रमाणावर स्टुडिओत सजवला गेला, हे त्याच्याशी संबंधित लोकांनीच मान्य केलं आहे. जुडास प्रीस्टचा 'अनलीश्ड इन द ईस्ट' (१९७९) हाही जपानमध्येच रेकॉर्ड झाला, आणि गायक रॉब हॅल्फर्डचा आवाज नंतर स्टुडिओत घेतल्यामुळे चाहत्यांनी त्याला 'अनलीश्ड इन द स्टुडिओ' असं नाव ठेवलं. थिन लिझीच्या 'लाइव्ह अँड डेंजरस'बद्दल (१९७८) निर्माता टोनी व्हिस्कॉन्टी एक सांगतो आणि बँडमधले लोक दुसरं. तो वाद आजही मिटलेला नाही. तेव्हा 'मेड इन जपान'बद्दल शंका घेणारा माणूस मूर्ख नाही. शंका रास्त आहे.

पण स्टेजवर आवाज कसा रेकॉर्ड होतो ते बघा. आठ ट्रॅक आणि पाच माणसं. ड्रम्सला आठ-दहा माइक लावण्याचा तो काळ नव्हता. दोन-तीन ट्रॅकमध्ये सगळा ड्रमसेट बसवायचा, त्याचा बॅलन्स तिथल्या तिथे ठरवायचा आणि एकदा टेपवर गेला की विषय संपला. गायकाच्या माइकमागे पूर्ण ताकदीने वाजणारा मार्शल अँप्लिफायर असतो. त्यामुळे गायकाच्या ट्रॅकवर गिटार येते, ड्रम्सच्या ट्रॅकवर ऑर्गन येतो, आणि मॉनिटरमधून, म्हणजे कलाकारांकडे तोंड करून ठेवलेल्या स्पीकरमधून, परत गायकाचा आवाज ड्रम्सच्या माइकमध्ये शिरतो. याला आम्ही लीकेज म्हणतो. पाच माणसं दाटीवाटीने उभी असलेल्या स्टेजचं रेकॉर्डिंग ज्याने एकेक ट्रॅक वेगळा करून ऐकलंय, त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. एखादी ओळ नंतर नव्याने गायली तरी जुन्या ओळीची सावली ड्रम्सच्या माइकमध्ये राहते. हेडफोन लावून लक्ष दिलं तर ती सापडते. दुरुस्ती अशक्य असते असं नाही, लोकांनी केलीच आहे. पण लीकेज जितकं जास्त, तितकी ती कठीण आणि तितकी उघडी पडणारी.

बँडमधल्यांनी सांगितलं आहे की या अल्बममध्ये ओव्हरडब, म्हणजे नंतर स्टुडिओत चढवलेलं वादन-गायन, नाही. फक्त त्यांच्या शब्दावर विसंबायचीही गरज नाही. १९९३ मध्ये तीन सीडींचा 'लाइव्ह इन जपान' संच आला, त्यात तिन्ही रात्रींचा बहुतेक भाग होता. पुढे २०१४ मध्ये तिन्ही कार्यक्रम पूर्ण मिळाले. म्हणजे कोणीही घरी बसून अल्बमवरचं गाणं आणि त्या रात्रीचं गाणं शेजारी शेजारी लावून तपासू शकतो. चाहत्यांनी ते काम वर्षानुवर्षं मन लावून केलं आहे, आणि या जमातीबद्दल मला जो आदर आहे तो याच चिकाटीमुळे.

अल्बमवर सात गाणी आहेत आणि ती तीन रात्रींतून निवडलेली आहेत. 'हायवे स्टार', 'चाइल्ड इन टाइम', 'स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन' आणि 'स्पेस ट्रकिन' ही चार १६ ऑगस्टची, म्हणजे ओसाकाच्या दुसऱ्या रात्रीची. 'स्मोक ऑन द वॉटर' एकटंच पहिल्या रात्रीचं. 'द म्यूल' आणि 'लेझी' बुडोकानची. निवड हीसुद्धा एक प्रकारची दुरुस्तीच आहे, आणि माझ्या दृष्टीने ती सगळ्यात प्रामाणिक दुरुस्ती. वाजवलेलं बदलायचं नाही, फक्त त्यातलं कोणतं लोकांपुढे ठेवायचं ते ठरवायचं.

इथे चाहत्यांचा एक जुना वाद येतो. ग्लोव्हरला बुडोकानची रात्र कायम मोठी वाटत आली, हजारो पोरं 'चाइल्ड इन टाइम' बँडबरोबर गात होती ही आठवण त्याने सांगितली आहे. मग बुडोकानची दोनच गाणी का घेतली? माझा अंदाज आवाजाकडे जातो. बुडोकान १९६४ च्या ऑलिंपिकमधल्या ज्युदोसाठी बांधलेलं. अशा मोठ्या, उंच छताच्या जागेत आवाज फिरत राहतो आणि तो घुमारा प्रत्येक माइकमध्ये जातो. आज इनडोअर स्टेडियममध्ये कार्यक्रम करताना आम्ही त्याच दुखण्याशी झगडतो. समोर उभ्या माणसाला भारावून टाकणारी रात्र टेपवर गढूळ उतरते. ओसाकाचं नाट्यगृहासारखं सभागृह याबाबतीत कितीतरी सोयीचं. म्हणून 'बुडोकान जास्त चांगलं वाजलं होतं' हे म्हणणारे आणि 'ओसाका जास्त चांगलं ऐकू येतं' म्हणणारे, दोघंही बरोबर असू शकतात.

आता प्रत्यक्ष ऐकण्याकडे येऊ.

हेडफोन लावा. ऑर्गन डावीकडे, गिटार उजवीकडे. प्रेक्षकांतून बँडकडे पाहिलं तर लॉर्ड आणि गिटारवाला रिची ब्लॅकमोर ज्या बाजूंना उभे असत, तीच ही मांडणी. हे नुसतं सजावटीचं स्टीरिओ नाही. जॉन लॉर्ड आपला हॅमंड ऑर्गन मार्शल अँप्लिफायरमधून वाजवत असे, त्यामुळे त्याचा आवाज फाटका, खरखरीत आणि गिटारच्या अगदी जवळचा होतो. नवख्या कानाला कित्येकदा ऑर्गनची ओळ गिटारची वाटते. एकदा फक्त डावा कान ऐका, मग फक्त उजवा. 'हायवे स्टार'मधला ऑर्गनचा सोलो आणि त्यानंतर येणारा गिटारचा सोलो असे वेगळे ऐकले की साथीला दुसरी (रिदम) गिटार नसलेल्या या बँडचा पोत एवढा भरगच्च कसा, ते कळतं. एक सोलो वाजवत असतो तेव्हा दुसरा भिंत उभी करत असतो.

'हायवे स्टार'ची सुरुवात मला फार आवडते. स्नेअर ड्रमवर हलके ठोके, ऑर्गनचा एखादा सूर, गिटारची चाचपणी, गायक इयन गिलनचं बोलणं. लाइन चेक, म्हणजे कार्यक्रमाआधीची माइकची तपासणी, चालू आहे असंच वाटतं, आणि त्यातूनच गाण्याची गती हळूहळू अंगात येते. कोणी 'वन टू थ्री फोर' म्हणत नाही. पेसच्या हातांनी वेग धरलेला असतो आणि बाकीचे त्यात येऊन मिळतात.

'स्मोक ऑन द वॉटर'नंतर, 'द म्यूल'च्या आधी, स्टेजवरून आवाजवाल्याला सूचना जातात. मॉनिटर वाढव, सगळं वर घे. आणि मग ती मागणी येते: सगळ्यापेक्षा सगळं मोठं करता येईल का? चाहत्यांमध्ये हे वाक्य म्हणीसारखं झालं, टी-शर्टवर छापलं गेलं. मला त्यात १९७२ चं स्टेज दिसतं. आज प्रत्येकाच्या कानात त्याचा स्वतःचा मिक्स असतो. तेव्हा मॉनिटर म्हणजे जेमतेम काही स्पीकर, आणि मागे दोन बाजूंनी मार्शलचा मारा. अशा परिस्थितीत गिलन 'चाइल्ड इन टाइम'च्या त्या किंकाळ्या सुरात मारतो. स्वतःचा आवाज नीट ऐकू न येता वरच्या पट्टीत सूर पकडणं म्हणजे काय, हे कुठल्याही गायकाला विचारा.

'चाइल्ड इन टाइम' इथे बारा मिनिटांच्या वर जातं. सुरुवातीला फक्त ऑर्गन आणि जवळजवळ कुजबुजता आवाज. प्रेक्षक त्या वेळी किती शांत आहेत ते ऐका. जपानी श्रोत्यांबद्दल काही चाहत्यांची तक्रार असते की गर्दीचा जोश कमी ऐकू येतो. मला उलट वाटतं. त्या शांततेमुळेच बँडला इतकं हळू वाजवायचं धाडस करता आलं, आणि बर्चला ते टेपवर घेता आलं. हळू आणि मोठा यांतलं अंतर हाच या गाण्याचा प्राण आहे. शिट्ट्या-आरोळ्यांच्या स्टेडियममध्ये हे अंतर पहिल्या मिनिटातच बुजलं असतं.

पण कोणी मला एकच गाणं मागितलं तर मी 'स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन' लावतो. स्टुडिओत हे साधं, नेटकं सिंगल होतं. इथे ते जवळजवळ दहा मिनिटांचं झालंय, कारण मध्यावर ब्लॅकमोर आणि गिलन यांचा सवाल-जवाब सुरू होतो. गिटार एक तुकडा फेकते, गळा तो जसाच्या तसा परत करतो. मग तुकडे वाकडे व्हायला लागतात, उंच जातात, गिटारची तार ओढून काढलेला सूरही गळा ओढूनच काढतो. आपल्या मैफलीत तबला आणि सतार जे करतात तेच हे, फक्त आवाज शंभर पट. शेवटी गिलन एक लांबलचक किंकाळी घेतो आणि सगळा बँड एका ठोक्यावर परत गाण्यात उतरतो. हा उतरण्याचा क्षण पुन्हा पुन्हा ऐका, पण गायकाकडे नाही, ड्रम्सकडे लक्ष ठेवून. सगळे तिकडेच बघत असणार. इतर दोन रात्रींची हीच जागा लावून पाहिली की दिसतं, प्रत्येक वेळी तुकडे वेगळे आहेत. पाठ केलेलं असतं तर ते जुळले असते.

लांब सोलोंबद्दल प्रामाणिकपणे बोलायचं तर तक्रार करणाऱ्यांशी मी काही अंशी सहमत आहे. 'द म्यूल' म्हणजे मुख्यत्वे पेसचा ड्रम सोलो. पेस मला अतिशय आवडतो, त्याचा स्नेअरवरचा डावा-उजवा हात किती सैल आणि किती नेमका आहे हे शिकण्यासारखं आहे. तरी ड्रम सोलो ही मुळात डोळ्यांनीही बघायची गोष्ट, आणि दिवाणखान्यात तिचा अर्धाच भाग पोचतो. पहिल्या ऐकण्यात तो ओलांडलात तरी चालेल.

'स्पेस ट्रकिन' मात्र ओलांडू नका. स्टुडिओत साडेचार मिनिटांचं हे गाणं इथे वीस मिनिटांना टेकतं. पहिली काही मिनिटं ओळखीचं गाणं, आणि त्यानंतरचा पसारा खरं तर १९६८ च्या त्यांच्या पहिल्या अल्बममधल्या 'मँड्रेक रूट'चा. ते गाणं स्टेजवर लांबवायची त्यांची जुनी सवय होती, तोच मुक्त भाग त्यांनी नव्या गाण्याच्या शेपटीला जोडला. हे कळलं की 'गाणं भरकटलं' ही तक्रार गळून पडते. तो मुद्दाम राखलेला मोकळा प्रदेश आहे. त्यात मध्ये एक टप्पा सैल पडतो, तेही खरं. लॉर्ड काहीतरी शोधत राहतो आणि ते लगेच हाती लागत नाही. पण मग ब्लॅकमोर अगदी हळू आवाजात शिरतो आणि वातावरण बदलतं. तो सैल टप्पा कापला असता तर पुढचा चढ एवढा चढला नसता. कात्री लावायची की नाही हा निर्णय मी स्वतः मैफलींचं संपादन करताना वारंवार घेतो, आणि इथे न कापणाऱ्यांच्या बाजूने आहे.

मिक्समध्ये बास आणि ड्रम्सवाले बसले होते, हे मघाशी सांगितलं. म्हणूनच की काय, या अल्बममध्ये बास फार जागा न अडवता कायम ऐकू येतो आणि ड्रम्स मोठे न करता पुढे आहेत. ब्लॅकमोर मिक्सला बसला असता तर उजवी बाजू जड झाली असती, असं मला नेहमी वाटतं. हा माझा तर्क आहे, पण फेडरवर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या सरकपट्टीवर, ज्याचा हात असतो त्याचं वाद्य किंवा त्याचा संकोच मिक्समध्ये उतरतो, हे धंद्यात रोज दिसतं.

काही चाहत्यांना हा अल्बम हळवा करतो त्याचं कारणही सांगायला हवं. अल्बम ब्रिटनमध्ये आला त्याच महिन्यात, डिसेंबर १९७२ मध्ये, गिलनने बँड सोडत असल्याचं पत्र दिलं होतं. या पाच जणांचा त्या पर्वातला शेवटचा कार्यक्रम २९ जून १९७३ ला झाला, तोही ओसाकातच. त्यामुळे ज्यांना ही जुळणी प्रिय आहे त्यांच्यासाठी हे रेकॉर्डिंग सर्वांत उंच बिंदूवर पकडलेलं आहे.

आपल्याकडच्या जुन्या चाहत्यांपैकी बऱ्याच जणांनी हे सगळं पहिल्यांदा कॅसेटवर, बहुतेक वेळा कोणाकडून तरी उतरवून घेतलेल्या कॅसेटवर ऐकलं. सव्वा तासाहून थोडा मोठा अल्बम, रेकॉर्डच्या चार बाजू दोन-दोन करून सी-९० वर, म्हणजे नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर, आरामात बसतात. १९९५ मध्ये बँड मुंबईत आला, अंधेरीला वाजवून गेला, तेव्हा ब्लॅकमोरच्या जागी स्टीव्ह मोर्स होता. त्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंगही 'बॉम्बे कॉलिंग' नावाने उपलब्ध आहे. जपाननंतर ते जरूर ऐका. तीच काही गाणी, तेवीस वर्षांनी, दुसऱ्या गिटारवाल्याच्या हाती. मोर्स ब्लॅकमोरची नक्कल करत नाही आणि लॉर्ड त्याला जागा करून देतो. ब्लॅकमोरशिवाय डीप पर्पल नाही म्हणणाऱ्यांनी तर ते आवर्जून ऐकावं.

आवृत्तीचं म्हणाल तर पहिल्यांदा मूळ १९७२ चा मिक्स ऐका, रेकॉर्डवर असो, सीडीवर असो किंवा स्ट्रीमिंगवर. वर जे डावं-उजवं आणि बासचं सांगितलं ते त्या मिक्सबद्दल आहे. १९९८ च्या रीमास्टरमध्ये (त्याच मिक्सचा आवाज नव्याने सुधारलेली आवृत्ती) वेगळ्या डिस्कवर 'ब्लॅक नाइट', 'स्पीड किंग' आणि 'ल्युसिल' ही शेवटी वाजवलेली गाणी मिळतात. मूळ अल्बममध्ये ती नसल्याची हळहळ ज्यांना आहे त्यांच्यासाठी ती सोय चांगली. २०२५ मध्ये स्टीव्हन विल्सनने केलेला नवा मिक्सही आला आहे. नवा मिक्स म्हणजे जुन्याची स्वच्छ प्रत असं समजू नका. जुन्या टेपवरून कोणीतरी नव्याने घेतलेले निर्णय असतात ते, आणि मूळ कानात बसल्याशिवाय त्यांची तुलना करता येत नाही. तिन्ही पूर्ण रात्रींचा २०१४ चा संच त्यानंतर. तो सलग ऐकायला बसू नका. एका संध्याकाळी एकच गाणं निवडा आणि त्याच्या तिन्ही रात्री ओळीने लावा. 'स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन'पासून सुरुवात करा, मग 'लेझी' घ्या.